सूर बघणारे सर

बातमी आली तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते. प्रार्थना नुकतीच आटोपली होती आणि ती पेटीशिवाय झाली होती, कारण संगीताच्या खोलीला अजून कुलूप होतं. गांगुर्डे सर उशिरा येणाऱ्यांतले नव्हते, त्यामुळे आमची थोडी कुजबुज चालली होती. तेवढ्यात आमचे शिपाई धापा टाकत आले. पाथर्डी फाट्याच्या अलीकडे, हायवेच्या सर्व्हिस रोडवर, सरांना टेम्पोनं उडवलं होतं. मी आणि चित्रकलेचे सर रिक्षा करून तिथे पोचलो तोवर त्यांना हॉस्पिटलात नेलं होतं. वाटेतच ते गेले हे आम्हाला नंतर कळलं. रस्त्यावर तांदळाचं एक पोतं फुटून पडलं होतं आणि गर्दीच्या मधोमध टेम्पोचा ड्रायव्हर खाली बसला होता. घोटीहून माल घेऊन आलेला माणूस. लोकांनी त्याला बेदम मारलं होतं, ओठ फुटला होता, आणि तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, "मी हॉर्न देऊ राहिलो व्हतो ना भाऊ... लय हॉर्न दिला. त्यांनी मागं पाह्यलंच नाय." यावर कुणीतरी त्याला आणखी एक लगावली आणि म्हणालं, "एवढा हॉर्न दिला असता तर बहिऱ्यालासुद्धा ऐकू गेला असता!"

मी त्या माणसाच्या पुढे जाऊन उभी राहिले आणि मारू नका म्हणाले. त्यापलीकडे बोलायचा हक्क माझा नव्हता, तो सरांच्या पत्नीचा, सुलभावहिनींचा होता. पण ड्रायव्हर खरं बोलत होता. गांगुर्डे सरांना ऐकू येत नव्हतं. आमच्या शाळेत वर्षानुवर्षं गाणं शिकवणाऱ्या माणसाचे कान गेले होते आणि ही गोष्ट त्यांची बायको, त्यांचे डॉक्टर आणि मी सोडून कुणालाही ठाऊक नव्हती. निदान मोठ्या माणसांत तरी.

शोकसभेत जो तो सरांच्या कानाबद्दलच बोलला. काय कान होता माणसाचा, कुणी म्हणालं. बंद दाराआडून कोणता मुलगा बेसूर गातोय हे सांगायचे, दुसरं कुणी म्हणालं. खोटं नव्हतं ते, फक्त जुनं होतं. पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी पदराची कड बोटांत गुंडाळत खाली बघत होत्या. तेरावं झालं आणि त्या एकट्या उठून पोलीस ठाण्यात गेल्या. सरांचं कानाचं मशीन त्याच्या डबीसकट त्यांनी टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, "ह्यांना ऐकू येत नव्हतं. तो माणूस खोटं बोलत नाहीये." असं करायला जे बळ लागतं ते माझ्यात असतं की नाही, मला सांगता येणार नाही. पण त्यानंतर गावात जे सुरू झालं त्यानं माझं डोकं फिरलं. पालकांच्या ग्रुपवर लोक लिहू लागले की एक बहिरा माणूस आमच्या मुलांना गाणं शिकवत होता, की शाळेची फसवणूक झाली, की व्हिडिओ गेम लावून द्यायचा आणि पगार घ्यायचा. शोकसभेत ज्यांनी डोळे टिपले होते त्यांतलेच काही यात पुढे होते. वहिनी मला म्हणाल्या, "तुम्ही सगळं पाहिलंय. तुम्ही लिहा." म्हणून लिहिते आहे.

सर मूळचे इगतपुरीचे. वडील रेल्वेत होते. तिथल्या भजनी मंडळात पेटी वाजवतच ते मोठे झाले आणि पुढे रीतसर शिकले. मी शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा ते आधीच तिथले मुरलेले होते, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव 'व्याकरणवाल्या' ठेवलं. गळा बेताचाच होता त्यांचा, ते स्वतःच म्हणायचे की देवानं गळा देताना हात आखडता घेतला आणि कान देताना मापच विसरला. त्यांच्या तासाला शिस्तबिस्त फारशी नसायची. मुलं जमिनीवर कशीही बसायची. सर पेटीवर डोळे मिटून बसलेले असायचे आणि तसेच म्हणायचे, "खिडकीपाशी कोण आहे रे? थोडा वर ये... आणखी... हां, बस." चिडवायचेही खूप. एखादा पोरगा अगदीच घसरला तर म्हणायचे, "अरे, इतका खाली गेलास, आता वर यायला लिफ्ट लावू का?" पोरं हसायची आणि तो पोरगाही हसायचा. बेसूर गाण्याची लाज त्यांनी कुणाला वाटू दिली नाही.

हे सगळं कुठे निसटायला लागलं होतं ते मला कळलं एका दुपारी. माझा तास मोकळा होता आणि मी संगीताच्या खोलीवरून चालले होते. आत सर एकटेच होते. तंबोऱ्याचं इलेक्ट्रॉनिक यंत्र लावलेलं होतं आणि ते पेटी वाजवत होते, पण दोन्हींचा सूर जुळलेला नव्हता. मला गाण्यातलं काही कळत नाही, तरी ते ऐकवेना. दात आंबल्यासारखं झालं. आणि सर डोळे मिटून, मान हलवत, अगदी खुशीत वाजवत होते. मी दारातच थांबले. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले, माझा चेहरा बघितला आणि पेटीवरचा हात उचलला. "किती उतरलाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मला ते सांगता येत नाही, पण जुळत नाहीये. ते यंत्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या कानात जुळतंय हो."

त्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं. वरचे आवाज आधी गेले होते, आणि मुलांचे आवाज वरचेच असतात. त्याहून वाईट म्हणजे एकच सूर त्यांना दोन कानांत दोन ठिकाणी ऐकू यायचा, एकात जरा चढा, एकात जरा उतरलेला, आणि त्यातला खरा कोणता हे ठरवायला तिसरा कान कुठून आणायचा? मशीन लावलं की बोलणं बरंचसं समजे, पण गाणं मात्र पत्र्यावर काहीतरी घासल्यासारखं येई. डॉक्टर म्हणाले होते की हे उतरणीचं आहे, वर चढायचं नाही. मी विचारलं, शाळेत सांगायला काय हरकत आहे? सांभाळून घेतील. ते हसले. "सांभाळून घेतील हो... ग्रंथालयात बसवतील. पुस्तकांना नंबर घालायला." मग म्हणाले, "मला गाण्याचा तास हवाय. दुसरं काही नकोय." इतकंच मागणं होतं त्या माणसाचं. मी कुणाला सांगितलं नाही, आणि मला त्याचं आजही काही वाईट वाटत नाही.

पुढच्या सत्रात त्यांनी तो खेळ आणला. पुण्यातल्या पुतण्यानं खेळून खेळून बाजूला टाकलेला कराओकेचा व्हिडिओ गेम होता तो, दोन माइकसकट. पुतण्यानं त्यात आपली गाणी भरायची कशी हेही शिकवलं होतं, म्हणून सरांनी शाळेची प्रार्थना आणि मुलांची समूहगीतं बसून बसून त्यात चढवली. शाळेच्या मोठ्या पडद्यावर तो लावला की गाण्याचे शब्द खाली सरकत आणि वर आडव्या पट्ट्या येत, काही उंचावर, काही खाली. मूल माइकमध्ये गायला लागलं की त्याच्या आवाजाची रंगीत रेघ उमटे. रेघ पट्टीवर बसली की पट्टी भरून जाई, सूर चुकला की रेघ वर किंवा खाली भरकटे, आणि शेवटी मार्क पडत. पहिल्या दिवशी वर्गात जो काही गोंधळ झाला तो मी भिंतीपलीकडून ऐकला. तोंड न उघडणारी मुलं माइकसाठी भांडत होती. आवाज फुटलेले नववी-दहावीचे मुलगे, जे गाण्याच्या तासाला मागे लपायचे, तेही पुढे आले, कारण खेळाला खालच्या सप्तकातला सा आणि वरच्या सप्तकातला सा एकच. घोगऱ्या आवाजाच्या पोराची पट्टीसुद्धा भरायची. मुख्याध्यापक खूश झाले, बघायला पाहुणे आणू लागले, आधुनिक शिक्षण म्हणून भाषणात त्याचा उल्लेख करू लागले. सर पडद्याच्या शेजारी उभे राहून सांगत, "थोडा वर ये... आणखी... हां, बस." वाक्यं तीच होती. फक्त आता त्यांचे डोळे उघडे असत.

या खेळानं मुलांना काही दिलं नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या वर्गात येऊन बसायला हवं होतं. सूर म्हणजे काय हे ज्या मुलांना कधीच उमगलं नसतं त्यांना तो डोळ्यांनी दिसला. पण मी सरांची वकिली करायला बसलेली नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगते. खेळाला शब्द कळत नाहीत. नुसतं हुंकारलं तरी मार्क मिळतात. आवाज गोड आहे की चिरका, श्वास कुठे घेतला, गाण्यात जीव आहे की नाही, यातलं त्याला काहीच कळत नाही. आणि सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी वळण घेत गेला, मधे थोडा थरथरला, की खेळ त्याला चूक म्हणतो. सरांना हे सगळं माहीत होतं. आणि माहीत असूनही त्यांना त्या पडद्यावर विसंबावं लागत होतं, कारण पडदा बंद केला की त्यांच्याकडे काहीच उरत नव्हतं.

याची सगळ्यात मोठी किंमत मोजली ती प्रणालीनं. ही तेव्हा सातवीत होती. मखमलाबादकडचं माळ्याचं घर, फुलांची शेती, पहाटे आईबापाबरोबर झेंडू तोडून मग शाळेला यायची. तिच्या गळ्यात जन्मतःच काहीतरी होतं. साधी ओळ म्हणायची तरी शेवटाला असं एक वळण द्यायची की माझ्यासारखीनंही खडू खाली ठेवावा. खेळ तिला सगळ्यांत कमी मार्क द्यायचा. पडद्यावर तिची रेघ नागमोडी जाई आणि पट्ट्या रिकाम्या राहत. सर तिला म्हणत, "सरळ म्हण. वळण नको, सरळ." पूर्वीचे सर असते तर ते वळण ऐकायला त्यांनी सगळा वर्ग गप्प केला असता. मी एकदा त्यांना एकांतात म्हटलं, ती पोरगी वेगळी आहे, तिला असं कापू नका. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "वळण चांगलं आहे की वाईट, मला कळत नाही आता. सरळ आहे का, एवढंच दिसतं. जे दिसतं तेवढंच शिकवू शकतो ना मी..."

प्रणाली सरळ म्हणायला शिकली. पण तिच्या मनात राग साठला होता, आणि मुलांना आपल्या मास्तरचं सगळं कळतं. सर मागून मारलेली हाक ऐकत नाहीत, नुसतं हुंकारून पट्टी भरली तरी शाब्बास म्हणतात, हे त्यांनी केव्हाच हेरलं होतं. एके दिवशी मी शेजारच्या वर्गात शिकवत असताना सातवीचं समूहगीत सुरू झालं. चाल नेहमीची होती, पण शब्द वेगळे होते. आधी एकटी प्रणाली, मग दोघीतिघी, मग सगळा वर्ग. "बहिरे सर, बहिरे सर, मार्क टाका भरभर..." कडव्यामागून कडवं, सगळा वर्ग एका आवाजात, बाकांवर ठेका धरून. माझ्या वर्गातली मुलं माझ्याकडे बघून हसू दाबत होती. मी पुस्तक आपटलं आणि तडक त्या खोलीच्या दारात गेले.

आत पडदा उजळलेला होता. एकही पट्टी रिकामी राहत नव्हती. सर पडद्याला पाठ करून उभे होते. ते मुलांकडे बघत होते, त्यांच्या तोंडांकडे, आणि ते बघणं बघून मला कळलं की हा माणूस ओठ वाचतोय. गाणं संपलं. सरांनी वळून पडद्यावरचे मार्क बघितले, त्या वर्गाला कधीच पडले नव्हते इतके. मुलं माझ्याकडे बघून गार पडली. मी आत पाऊल टाकणार तोच सरांनी हातानं मला थांबवलं आणि वर्गाला म्हणाले, "शाब्बास. सूर लागला. सगळ्यांचा एकत्र लागला, पहिल्यांदाच." मग, आवाज जराही न चढवता, "आता हेच खऱ्या शब्दांत म्हणा."

मुलांनी म्हटलं. कसंबसं म्हटलं. काही नुसतेच ओठ हलवत होते, प्रणाली मान खाली घालून बसली होती आणि तिच्या तोंडून आवाजच निघत नव्हता. पडद्यावर रेघ भरकटत राहिली, पट्ट्या रिकाम्या जात राहिल्या. सर शेवटपर्यंत उभे होते. त्यांनी कुणाला शिक्षा केली नाही, कुणाच्या घरी कळवलं नाही. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी त्यांच्यावरच चिडले. म्हटलं, एवढा अपमान झाला आणि तुम्ही शाब्बास म्हणता? ते पेटीवर कापड घालत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "शब्द काय, कुठलेही घालू देत. सूर लागला होता हो... मी तो ऐकला नाही, एवढंच." आणि मग तो माणूस रडला. मी इतक्या वर्षांत त्यांना रडताना तेवढंच पाहिलं. मीही रडले, मला लाज नाही ते लिहायला.

नंतर त्यांनी प्रणालीच्या वडिलांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, हिला पंचवटीत चांगल्या गुरूकडे घाला, माझ्याकडे हिला देण्यासारखं आता काही नाही. वडील हात जोडून म्हणाले, "सर, तुम्ही हायेत ना. मंग बाहेर कशाला?" पोरगी काही कुठे गेली नाही. ती सरांच्याच तासाला बसत राहिली, सरळ सरळ गात राहिली. ती फुलली असती की नाही, कुणास ठाऊक. सरांना ती गोष्ट शेवटपर्यंत खात होती. मला मात्र वाटतं, की गाण्याचा तास हवाय म्हणणाऱ्या माणसाला आपण एखाद्या मुलाचं गाणं मारतोय हे कळत असताना त्या खोलीत रोज जावं लागणं, ही शिक्षा काही लहान नव्हती. पालकांच्या ग्रुपवर त्यांना आणखी शिक्षा ठरवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

आणि फसवणूक म्हणाल, तर कुणाची? मुलांना सगळं माहीत होतं. त्या दिवसानंतर तर लपवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तरीही त्यांतल्या एकानंही घरी जाऊन सांगितलं नाही. पुढची दोन वर्षं तोंडातून ब्र काढला नाही. शाळेतल्या मोठ्या माणसांपासून त्यांनी आपल्या मास्तरला लपवून ठेवलं आणि मी उगाचच समजत होते की ते गुपित माझं आहे.

आता संगीताला नवे सर आले आहेत. तरुण आहेत, गळा गोड आहे, शिकवायची हौस आहे. त्यांनी पडदा बाजूला काढला आणि फळ्यावर सरगम लिहून शिकवायला सुरुवात केली. मला त्यांच्याबद्दल काही वावगं बोलायचं नाही. गेल्या आठवड्यात ते शिक्षकांच्या खोलीत वैतागून आले आणि मला म्हणाले, "मॅडम, तुमची नववी ब मुकी आहे का हो? फळ्यावर लिहिता लिहिता विचारतोय, पुढचं कोण म्हणेल, तर एक पोरगं तोंड उघडत नाही. सगळ्यांना उभं करून आलोय." नववी ब म्हणजे प्रणालीचा वर्ग, आणि तो मुका नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार... मी त्यांच्याबरोबर गेले. सगळा वर्ग उभा होता, हाताची घडी घालून. मी दारातूनच विचारलं, काय झालं, येत नव्हतं का? कुणी बोललं नाही. मी आत गेले, त्यांच्यासमोर उभी राहिले, तेव्हा प्रणालीनं माझ्या डोळ्यांत बघितलं आणि एकेक शब्द सुटा करत, ओठ नीट हलवत म्हणाली, "येत होतं, मॅडम. सरांची पाठ होती ना आमच्याकडे. ते वळले की म्हणणार होतो."